नावरस नाव

दांडिया बाजारात, बँकेच्या वरच्या मजल्यावर,
दुपारी तीनला
मी माझं अकरावं नाव तयार करायला बसले.

पहिल्या खेपेला ध्रुमिल शेजारी बसला होता.
म्हणाला, काकी, दुकानागणिक वेगळा पत्ता द्यायचा.
टपाल सगळं तुमच्याच पेटीत पडणार,
फक्त पेटी कुठे टांगली आहे ते कुणाला दिसणार नाही.
चोवीस वर्षांचा मुलगा.
त्याला वाटलं, मला हे नवीन आहे.

बारशाला आत्यानं कुर्र करून कानात चार नावं सोडली.
त्यातलं एक पत्रिकेत गेलं आणि तिथेच राहिलं,
आईनं त्या नावानं कधी हाक मारली नाही.
करणी करणाऱ्याला नाव लागतं, म्हणायची.
दुसऱ्या नावानं मी शाळेत हजर होते.
ताटातल्या तांदळावर अंगठीनं काढलेलं एक
एकवीस वर्षं रेशन कार्डावर टिकलं,
कोर्टानं ते काढून घेतलं,
स्टीलच्या डब्यांवर मात्र कोरलेलं तसंच आहे.
घासून जात नाही. मी घासून पाहिलंय.

तर आता, विजेच्या बिलाला एक. गॅसला एक.
साडीच्या दुकानासाठी मुद्दाम लांबलचक,
लिहून घेताना त्यांची बोटं दुखावीत.
आणि अलकापुरीतल्या लॅबमध्ये मी आळूवडी.

त्याच लॅबमध्ये माझी साखर निघाली.
चार दिवसांनी पत्र आलं:
प्रिय आळूवडी, मधुमेहासोबत जगताना...
मग पायमोजे. मग विमा.
मग जांभळाच्या बियांची पूड, दोनावर एक फुकट.
आधी मी एकटीच हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.
मग उठून खिडकी लावली, कशाला कोण जाणे.

पण कोण बोललं ते कळलं!
उभ्या आयुष्यात हे एवढंच कधी कळलं नव्हतं.
माझी गोष्ट हळदीकुंकवातून गच्चीवर,
गच्चीवरून खंडेराव मार्केटात जायची,
वांगी निवडताना माझ्याकडेच परत यायची,
आणि जिला विचारावं ती म्हणायची, मी नाही गं बाई.

लॅबमध्ये गेले. म्हटलं, माझी साखर कुणाला विकलीत?
काउंटरवरच्या पोरीनं दोनदा बटणं दाबली.
बेन, सिस्टममां तो कंई देखातुं नथी.
येताना विश्वामित्रीच्या पुलावर गर्दी होती,
माणसं रेलून मगर बघत होती.
मगर कसली, दोन डोळे
आणि नाकाचं टोक.
बाकीचं सगळं अंग पाण्याखाली, तिचं तिच्यापाशी.

घरी येऊन आळूवडी पुसली.
एक बटण. ना वकील, ना तारीख.

आज अकरावं.
हे दुकानाला द्यायचं नव्हतं, कुणालाच नव्हतं,
नुसतं असावं म्हणून.
पत्रिका काढली, पिवळी, घडीवर फाटलेली,
आणि ते जुनं नाव एकेक अक्षर दाबत लिहिलं.
इथे लिहीत नाही.

स्क्रीन म्हणाली,
हे नाव आधीच कुणीतरी घेतलेलं आहे.

कुणी?
कुठली ही बाई, कुठल्या गावची,
माझं झाकलेलं नाव अंगावर घेऊन
गॅसचं बिल भरते, साड्या मागवते,
तिची साखर कुणाकुणाला ठाऊक आहे?
खाली बारीक अक्षरांत सल्ला होता,
पुढे एखादा अंक जोडून पाहा.
ध्रुमिलनं बजावलंय, जन्मसाल नको.

बोट तसंच अधांतरी राहिलं.
तेवढ्यात जिन्यातून कुरिअरवाल्यानं हाक मारली,
डब्यांवरच्या नावानं.
मी ओ दिली.